नाडी लागली, पण माणूस परतला का?

हृदय अचानक बंद पडलेल्या रुग्णास अ‍ॅड्रिनॅलिन टोचण्याची प्रथा अनेक दशकांची आहे. हे औषध शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे छाती दाबत असताना खुद्द हृदयाच्या स्नायूंना अधिक रक्त मिळते आणि ते पुन्हा सुरू होण्याची शक्यता वाढते. मात्र मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह त्याने घटू शकतो. मग रुग्णाचा एकूण फायदा किती?

हा प्रश्न ब्रिटनमधील 'पॅरामेडिक-२' या चाचणीने धसास लावला. वॉरिक विद्यापीठाच्या गॅव्हिन पर्किन्स यांच्या नेतृत्वाखालील हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. छाती दाबूनही ज्यांचे हृदय सुरू झाले नाही अशा ८,०१४ रुग्णांपैकी निम्म्यांना अ‍ॅड्रिनॅलिन व निम्म्यांना नुसते सलाइन दिले गेले. कोणाला काय मिळाले, हे रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. रूढ उपचार असा तपासून पाहण्यास धैर्य लागते, आणि हेच या कामाचे पहिले श्रेय.

रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी नाडी परत आली ती औषध मिळालेल्यांपैकी ३६.३ टक्क्यांची, सलाइनच्या गटात केवळ ११.७ टक्क्यांची. मोजणी येथेच थांबली असती तर औषधाचा जयजयकार झाला असता. तीस दिवसांनंतर मात्र ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के एवढेच जिवंत होते. जगलेल्यांपैकी मेंदूच्या इजेमुळे गंभीर अपंगत्व आलेले अनुक्रमे ३१ व १७.८ टक्के होते.

या शेवटच्या आकड्यांवरून 'औषधाने मेंदू बिघडला' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. येथे छेद बदलला आहे: टक्केवारी सर्व रुग्णांची नसून फक्त जगलेल्यांची आहे. प्रत्यक्ष संख्या पाहा. सुमारे चार हजारांच्या प्रत्येक गटात गंभीर अपंगत्वाशिवाय घरी गेलेले ८७ व ७४; गंभीर अपंगत्व घेऊन जगलेले ३९ व १६. म्हणजे जे एरवी दगावले असते असे काही रुग्ण औषधाने वाचले, पण विकल अवस्थेत, असाही अर्थ संभवतो. ८७ आणि ७४ मधील फरक तर योगायोगाचाही असू शकेल.

चाचणीच्या मर्यादाही येथेच आहेत. संशोधकांनी विचारले तेव्हा लोकांनी नुसत्या जगण्यापेक्षा चांगल्या स्थितीत जगण्याला अधिक महत्त्व दिले होते. तरी मुख्य मोजमाप ठरले ते जगण्याचेच. शिवाय मदतीसाठी दूरध्वनी केल्यापासून औषध टोचेपर्यंत सुमारे २१ मिनिटे गेली होती. ते लवकर मिळाले असते तर काय घडले असते, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

एक जादा रुग्ण वाचण्यासाठी ११२ जणांना अ‍ॅड्रिनॅलिन द्यावे लागते, असे संशोधकांचे गणित आहे. जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबण्यास सुरुवात केली तर हीच संख्या १५ वर येते, असे ते इतर अभ्यासांच्या आधारे सांगतात. निरनिराळ्या अभ्यासांची ही तुलना काटेकोर नव्हे; पण अंतर दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. इंजेक्शन देणे शाळेत शिकविता येत नाही. छाती दाबणे मात्र आठवी-नववीची मुलेही शिकू शकतात.