माणूस-महिन्याचा हिशेब

आज आपण जे पुस्तक घेतलं आहे ते तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही यादीत सापडणार नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’, १९७५ सालचं. ब्रुक्स आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामाचे प्रमुख होते. काम लांबलं, माणसं वाढवली, तरी लांबतच गेलं. त्या अनुभवातून हे पुस्तक आलं.

त्यातला मुख्य सिद्धांत बऱ्याच जणांना ठाऊक असतो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. का वाढतो? एक तर नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. दुसरं म्हणजे बोलणं वाढतं. ४ माणसांत ६ जोड्या होतात, १० माणसांत ४५ आणि ५० माणसांत १,२२५. ज्वारीच्या काढणीला मजूर वाढवले तर शेत लवकर उरकतं, कारण तिथे एकाची पात दुसऱ्याच्या पातीवर अवलंबून नसते. प्रोग्राम लिहिणं तसं नाही.

आता एखादी वाढती कंपनी डोळ्यांसमोर आणा. दहा जण असताना लागलेला अभियंता दिवसभर कोड लिहीत होता. दोनशे जण झाले आणि त्याचा दिवस मीटिंगांत जाऊ लागला. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी कमी पडतंय. ब्रुक्स त्याला सांगतात, बाबा रे, हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही, हे गणित आहे. पन्नास वर्षांनंतरही हे पुस्तक वाचलं जातं ते या दिलाशामुळे, असं आम्हाला वाटतं.

पण आमचा आक्षेप पुढे आहे. १९७५ मध्ये ब्रुक्स यांचं मत होतं की प्रत्येक प्रोग्रामरला सगळ्या प्रकल्पाची माहिती हवी. त्यासाठी एक वर्कबुक ठेवलं होतं. सहा महिन्यांत ते सुमारे पाच फूट जाडीचं झालं! डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच उलट मांडणी केली होती. प्रत्येक भागाचं आतलं गुपित इतर भागांपासून झाकून ठेवा, म्हणजे एक बदलला तरी बाकीचे कोसळत नाहीत. १९९५ च्या आवृत्तीत ब्रुक्स यांनी मोकळेपणाने लिहिलं की पार्नास बरोबर होते, आपण चुकलो. असा कबुलीजबाब देणारे लेखक थोडे. त्याबद्दल त्यांना नमस्कारच केला पाहिजे.

तरीही इथे दोन गोष्टींची गल्लत होऊ शकते, आणि ती ब्रुक्स सोडवत नाहीत. कोडचा एक भाग दुसऱ्यापासून झाकणं वेगळं, आणि कामाचा हेतू काम करणाऱ्यापासून झाकणं वेगळं. पहिलं रचनेचं शहाणपण आहे. दुसरं माणसावरचा अन्याय आहे. कंपनी वाढते तेव्हा पहिल्याच्या नावाखाली दुसरं सहज घडतं. ‘तुझं तिकीट बंद कर, बाकीचं तुला कशाला?’ गवंड्याला शेजारच्या खोलीची वायरिंग माहीत नसली तरी चालतं. पण आपण शाळा बांधतोय की गोदाम, हे तरी त्याला कळायला नको का?

ब्रुक्स यांनी सुचवलेली दहा जणांची ‘शस्त्रक्रिया-तुकडी’ही तपासून बघा. विचार मुख्यतः एका सर्जनचा, त्याच्या मदतीला एक सहकारी, आणि बाकीचे त्याचं काम सुकर करणारे. रचनेत एकसूत्रीपणा येतो, हे खरं. पण याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात प्रोग्रामिंगचे जे आनंद सांगितलेत, म्हणजे काहीतरी घडवणं, सतत नवं शिकणं, ते या रचनेत सगळ्यांच्या वाट्याला सारखे येतील का? ब्रुक्स म्हणतात, दुसऱ्याने आखलेली रचना प्रत्यक्षात उतरवण्यातही सर्जन आहे. असेल. पण ‘का’ विचारण्याचा हक्क नसेल, तर ते सर्जन फार दिवस टिकत नाही.

आपल्याकडे हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत माणूस-महिन्याच्या हिशेबाने आजही बिलं निघतात. ब्रुक्स यांनी या एककाला भ्रामक म्हटलं ते वेळापत्रकासाठी. आपण ते आणखी एका कारणासाठी भ्रामक म्हणू. महिना मोजता येतो. त्या महिन्यात माणसाला आपण काय करतोय हे कळलं की नाही, ते त्या आकड्यात कुठेच येत नाही.

पुस्तक जरूर वाचा. सोमवारी कामावर गेल्यावर एकच प्रश्न विचारा: मी लिहितोय ते शेवटी कुणाच्या उपयोगी पडतं? उत्तर द्यायला कुणीच नसेल, तर माणसं वाढवण्याआधी कंपनीने तिथून सुरुवात करावी. आज इथेच थांबू.