बेइका आणि मानवत : रहस्यकथेतल्या गावांच्या नावांविषयी



आजचा विषय फलकावर वाचून आमचे एक जुने सोबती सकाळीच म्हणाले, "सर, जन्मभर कांट शिकवलात आणि आता कॉमिक्सवर बोलणार?" होय, बोलणार. आणि त्याचं कारण आमची नात आहे.

नात पुण्यात असते, आठवीत शिकते. दिवाळीत इथे आली की खाटेवर पाय पसरून 'डिटेक्टिव्ह कॉनन' ही जपानी चित्रकथा वाचत बसते. मागच्या खेपेला ती हसत म्हणाली, "आबा, या बेइका गावात कुणी घरच घेऊ नये. सारखा कुणाचा तरी खून होतो." आम्हीही हसलो. मग त्याच सुरात ती म्हणाली, "तुमच्या मानवतसारखंच की!" तिचा काही दोष नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीनं मोबाईलवर वेब मालिका पाहिली होती आणि हिला विचारलं होतं, तुझे आजोबा त्याच गावचे का? आम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे, जरा लांबलेलं.

तर आधी बेइका. गोशो आओयामा या चित्रकार-लेखकानं १९९४ साली 'शोनेन संडे' या जपानी साप्ताहिकात ही मालिका सुरू केली. २०२१ साली तिचा शंभरावा खंड निघाला आणि ती अजून चालूच आहे. शिनिची कुदो हा सतरा वर्षांचा हुशार मुलगा. त्याला विष पाजतात, पण तो मरत नाही, सहा-सात वर्षांचं पोर होतो. कोनान एदोगावा असं नाव घेऊन तो पुन्हा पहिलीत जाऊन बसतो. तीस वर्षं झाली, पोरगं पहिलीतच आहे. पासही होत नाही, नापासही होत नाही.

हा राहतो बेइका या वस्तीत. टोकियोच्या नकाशावर ही वस्ती शोधाल तर सापडणार नाही. 'बेइका' ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ तांदूळ आणि फूल. पण खरी गंमत उच्चारात आहे. जपानी जिभेवर 'बेकर'चं 'बेइका' होतं. शेरलॉक होम्सची बेकर स्ट्रीट ती हीच! शिनिचीच्या घराचा पत्ता आहे दुसरा विभाग, एकवीस नंबर. दोन आणि एकवीस जोडून लिहा, २२१ होतात. शेजारच्या बावीस नंबरात शास्त्रज्ञ आगासा राहतात, म्हणजे अगाथा ख्रिस्तीबाई. गुप्तहेर मोरींच्या कचेरीखाली कॉफीचं दुकान आहे, नाव पॉयरो. नदीचं नाव तेइमुझु, म्हणजे टेम्स. शाळेचं नाव तेइतान. गुप्तहेराला जपानीत 'तान्तेइ' म्हणतात, ते उलटं केलं की तेइतान. खुद्द एदोगावा हे आडनाव जपानी रहस्यकथेचे आद्य लेखक एदोगावा राम्पो यांचं, आणि त्यांनी ते घेतलं एडगर ॲलन पो या नावावरून.

म्हणजे काय, तर हे गाव विटामातीचं नाही, पुस्तकांचं आहे. एका वाचकानं आपल्या आवडत्या लेखकांच्या नावांनी रस्ते आखले, नदी वाहवली, शाळा बांधली.

इथे आमच्या धंद्यातला एक मुद्दा सांगतो, फार वेळ घेत नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं की, विशेषनाम वस्तूकडे फक्त बोट दाखवतं, त्या वस्तूचा कुठलाही गुण सांगत नाही. त्यांनी उदाहरण गावाचंच घेतलं. डार्टमाउथ म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरचं गाव. उद्या भूकंप होऊन नदी दुसरीकडे वळली तरी गाव डार्टमाउथच राहील. नाव म्हणजे गळ्यातला बिल्ला, बस्स.

वर्गात आम्ही हे तीस वर्षं शिकवलं. बेइका आणि मानवत ही दोन नावं शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं की, मिलसाहेबांचा नियम दोन्हीकडे अडखळतो. बेइका या नावाला नुसता अर्थच आहे, बोट दाखवावं अशी वस्तू नाही. मानवत ही वस्तू आहे. बाजारपेठ आहे, कापूस आहे, जिनिंग आहे, लग्नं आहेत, भांडणं आहेत. पण बाहेरच्या माणसानं या नावाला एक अर्थ चिकटवला, आणि तो काही निघत नाही.

तो अर्थ कोणता हे या सभागृहात सांगायला नको. तरी मागे उभ्या असलेल्या पोरांसाठी सांगतो. १९७२ ते ७४, दुष्काळाचा काळ. या परिसरात एकामागून एक लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. गुप्तधन आणि मूलबाळ यांच्या लोभातून झालेले नरबळी म्हणून ते प्रकरण देशभर गाजलं. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. 'भारताचे शेरलॉक होम्स' असं त्यांना म्हटलं गेलं. कोर्टात कोण दोषी ठरलं, कोण सुटलं, हा आजचा विषय नाही. संध्याकाळ झाली की आया लेकरांना घरात ओढून कडी लावायच्या, हे मात्र इथल्या म्हाताऱ्या माणसांना विसरता येत नाही.

त्या सुमारास आम्ही औरंगाबादला शिकत होतो. खोली बघायला गेलो की मालक विचारायचे, कुठले तुम्ही? मानवत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते मानवत?" त्या 'ते'मध्ये सगळं आलं. एकानं तर खोली दिलीच नाही. तेव्हापासून आम्ही 'परभणीकडचे' असं सांगायला शिकलो. पुढे नोकरीतही तेच सांगितलं. आज तुमच्यासमोर हे कबूल करताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. आओयामांनी बेइका रचलं, आम्ही 'परभणीकडचं' नावाचं एक गाव रचलं. त्यांचं गाव प्रेमातून आलं, आमचं लाजेतून.

आता टीकेचा खरा प्रश्न. रहस्यकथेनं जागा कुठली घ्यावी, खरी की खोटी?

डॉयल यांनी अर्धं-अर्धं केलं. बेकर स्ट्रीट खरी, घराचा नंबर खोटा. त्या काळी त्या रस्त्यावर २२१पर्यंत आकडे जातच नव्हते. पुढे रस्ता वाढला, १९३२ साली तो आकडा एका घरकर्ज देणाऱ्या संस्थेच्या इमारतीच्या वाट्याला आला आणि होम्सला लिहिलेली पत्रं तिथे येऊ लागली. उत्तरं द्यायला संस्थेला माणूस नेमावा लागला. खोट्या नंबराला टपालखात्यानं खरं करून टाकलं!

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. त्या कथांतली मुंबई एवढी मोठी की कुणाचं नाव खराब होण्याचा प्रश्न नाही. महानगराच्या नावात हजार अर्थ मावतात, त्यात आणखी एक खून बुडून जातो. लहान गावाचं तसं नाही. त्याच्या नावात एकाच गोष्टीला जागा असते. जी आधी शिरेल ती बसेल.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. बनेश फेणे, गाव फुरसुंगी. हडपसरच्या पलीकडचं हे खरंखुरं गाव. आमच्या पिढीनं ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण फुरसुंगी म्हटलं की सायकलवरून सुसाट सुटलेलं किडकिडीत पोरगं दिसायचं. पुढे हे नाव कचरा डेपोसाठी पेपरात येऊ लागलं. तरी मराठी वाचणाऱ्याच्या मनात आधी फेणेच येतो. भागवतांनी त्या गावाला एक पोरगं दिलं. चोर-दरोडेखोर कथेत आले आणि गेले, पोरगं राहिलं.

यावरून आम्ही एक माप काढलं. रहस्यकथा वाचताना विचारा, या लेखकानं त्या जागेला मुडद्याखेरीज आणखी काय दिलं? बेइका या मापाला उतरतं, म्हणूनच ते वाचकांना प्रिय आहे. तिथे खून होतात, पण दोन खुनांच्या मध्ये लोक राहतातसुद्धा. पोरं शाळेत जातात, फुटबॉल खेळतात, पॉयरोत बसून खातात, आगासा काहीतरी विचित्र यंत्र बनवतात. नातीला त्या गावाची खडानखडा माहिती आहे, आणि तिथे राहायला मिळालं तर ती उद्या जाईल. मघाचं 'घर घेऊ नये' हे आपल्या माणसाची चेष्टा करावी तसं होतं. मानवतचं नाव घेताना त्या आवाजात ती माया नव्हती. कारण तिला मानवत फक्त मुडद्यांमधूनच कळलं होतं.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका आम्ही पाहिली. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशी मातब्बर मंडळी आहेत, आणि मूळ आधार कुलकर्णी साहेबांच्या पुस्तकाचा आहे. तो आधार खरा, म्हणून नावही खरं, असा युक्तिवाद होईल आणि तो चुकीचा नाही. आमचा आक्षेप शीर्षकापुरता आहे. दोनच शब्द. मधे शहाण्या माणसाला उभं राहायला जागा नाही. त्याच घटनांवरून अमोल पालेकरांनी १९८१ साली 'आक्रीत' केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. तिथे माणसांची नावं बदलली आणि शीर्षकात गाव नाही. क्रौर्य कुठेही कमी झालं नाही. उलट बघणाऱ्याला 'हे त्या तिकडच्या गावात झालं' असं म्हणून सुटता आलं नाही. खऱ्या नावानं प्रेक्षकाला दूर सरकायची सोय होते, कल्पित नावानं ती जाते.

पण थांबा. आम्ही स्वतःशीच भांडत आलो आहोत, तेही तुम्हाला सांगितलं पाहिजे. नाव पुसायचं म्हटलं तर ज्या लेकी गेल्या त्यांचं काय? त्या काही बेइकात मेल्या नाहीत. बेइकातलं प्रेत पुढच्या गोष्टीत कुणाला आठवत नाही, तो त्या खेळाचा नियमच आहे. आपल्याकडे ते विसरणं म्हणजे पाप होईल. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात यायला २०१३ साल उजाडलं, आणि त्याआधी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. तेव्हा 'गावाची बदनामी होते, बोलू नका' असं म्हणणारे आम्ही नाही. नाव घ्या. कोर्टाच्या निकालात घ्या, इतिहासात घ्या, शाळेत अंधश्रद्धेवर बोलताना घ्या. फक्त पूर्ण घ्या. दुष्काळ सांगा, गुप्तधनाचं वेड सांगा, घाबरलेल्या आया सांगा, आणि त्यानंतरची पन्नास वर्षंही सांगा. ज्याला एवढं सांगायचं नसेल, नुसता थरार हवा असेल, त्यानं खुशाल आपलं बेइका रचावं. कल्पित गावाला कुणाचे आजोबा नसतात.

गावाच्या नावाची किंमत आपल्या भागाला कळते. शेजारच्या पाथरीला साईबाबांचं जन्मस्थळ म्हणून निधी जाहीर झाला तर २०२० साली तिकडे शिर्डी बंद राहिली. एका नावाभोवती एवढं उभं असतं.

आणि जपानात काय झालं बघा. आओयामांचं स्वतःचं गाव तोत्तोरी प्रांतात, आजचं होकुएई. तिथे २००७ साली त्यांच्या कामाचं संग्रहालय झालं, पूल आणि रस्ते कोनानच्या पुतळ्यांनी सजले. युरा स्टेशनला २०१३ साली कोनान स्टेशन हे टोपणनाव मिळालं, २०१५ साली तोत्तोरीच्या विमानतळालाही. लेखकानं बहुतेक प्रेतं बेइकाच्या पदरात टाकली, आणि आपल्या गावाच्या वाट्याला पोरगं आलं. आपल्या मानवत रोड स्टेशनावर उतरणाऱ्याला अजून तरी कुठलं पोरगं भेटत नाही.

ते कुणी द्यायचं? मुंबईचा निर्माता देणार नाही, आणि त्यानं द्यावं अशी अपेक्षाही नको. मागच्या रांगेत उभे आहात ना, तुमच्यापैकी कुणीतरी लिहा. रहस्यकथाच लिहा, आमची हरकत नाही. कापसाच्या गाडीतून काहीतरी हरवू द्या, आणि ते शोधणारी पोरगी मानवतची असू द्या.

नातीला आम्ही हेच सांगणार आहोत. येत्या सुट्टीत तिला भल्या सकाळी मोंढ्यात नेणार, मग जुन्या गल्लीतल्या आमच्या घराकडे. जाताना त्या लेकींबद्दलही सांगणार, लपवणार नाही. आणि यापुढे कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर आम्ही मानवतचे. 'ते मानवत?' असं कुणी म्हणालंच तर, हो, तेच, बसा, सांगतो.