मुलगा हरवलाय, आणि आपण वस्ती बांधतोय

'फॉलआउट ४' (२०१५) सुरू होतो न होतो तोच आपल्या जोडीदाराला गोळी घातली जाते आणि तान्ह्या शॉनला उचलून नेतात. कुठलेही आईबाप पोरामागे धावतील. खेळणारा मात्र भंगार गोळा करतो, वस्त्या बांधतो, शेती लावतो. उशीर केला तरी काहीच बिघडत नाही!

यावरचा नेहमीचा शेरा असा: साइड क्वेस्ट फार झाल्या की कथा मरते. अभ्यासात याला 'ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' म्हणतात, म्हणजे कथा एक सांगते आणि खेळाचे नियम भलतंच करायला लावतात. डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये 'बायोशॉक'वर लिहिताना ही संज्ञा वापरली. सेमिनारमध्ये ती फेकली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण तिने दुखण्याला नाव मिळतं, कारण कळत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते.

याच मालिकेतला पहिला 'फॉलआउट' (१९९७) घ्या. व्हॉल्ट १३ मधली पाण्याची चिप बिघडली आहे. नवी १५० दिवसांत आणायची, नाहीतर खेळ संपला. नकाशावर नुसतं चाललं तरी दिवस जातात. पाणी विकणाऱ्यांना पैसे दिले तर १०० दिवस वाढवून मितात, पण तेही फुकट नाही. साइड क्वेस्ट इथेही आहेतच. फक्त वाटेत कुणाला मदत करायची की नाही, हा इथे खराखुरा प्रश्न होतो.

'मॉरोविंड' (२००२) मध्ये असं घड्याळ नाही. पण मुख्य कथेतलाच कायस कोसाडेस सुरुवातीला सांगतो: आधी कुठल्यातरी गिल्डमध्ये शिर, अनुभव घे, मग ये. म्हणजे भटकणं हे कथेनेच नेमून दिलेलं काम.

आता बघा, साइड क्वेस्ट तिन्हींत आहेत, मोकळीकही आहे, तरी कथा आणि खेळ यांची फारकत ठळक दिसते ती एकाच ठिकाणी. तेव्हा दोष साइड क्वेस्टच्या संख्येवर ढकलता येत नाही. कथेने घाई दाखवली आणि नियमांनी ती पाळली नाही, हे माझं गृहीतक. घड्याळ लावणं हा एकच उपाय नाही. त्यात नकाशाचे कितीतरी कोपरे बघायचे राहून जातात, हा तोटा मोठा आहे. मला 'मॉरोविंड'चा मार्ग जास्त पटतो: वेळ देता येत नसेल, तर घाईचं सोंग तरी कशाला?

अर्थात तीन गेमवरून सिद्धांत होत नाही. गृहीतक मोडू शकेल असं उदाहरण स्वतःच शोधायचं असतं. माझ्यासाठी ते 'विचर ३' (२०१५). सिरीचा शोध तातडीचा, घड्याळ नाही, तरी गेराल्ट वाटेत राक्षस मारायचं काम घेतो तेव्हा फारसं खटकत नाही. तो त्याचा पोटापाण्याचा धंदाच आहे. मग पात्राचा पेशा ही दरी भरून काढतो का? पण तोच गेराल्ट दुपारभर ग्वेंटचे पत्ते कुटतो, त्याचं काय? पुढचं प्रकरण इथून सुरू करावं लागेल.