'दुर्गम' कोणासाठी?

मराठी वृत्तसाप्ताहिकांत काही विशेषणे नामाला चिकटूनच येतात. पूल 'जीर्ण', मागणी 'रास्त', तसा पाडा 'दुर्गम'. पूल किती जीर्ण आहे ते अभियंत्याला विचारता येते, मागणी रास्त की अवाजवी यावर वाद घालता येतो. 'दुर्गम' मात्र कोणी तपासत नाही. तो शब्द वाचून आपण मान डोलावतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो.

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. त्या आठवड्यातल्या बातम्यांत आणि नंतरच्या दीर्घलेखांतही वाडीच्या नावाआधी हे विशेषण येत राहिले. ते खोटे नव्हते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, खराब हवामानात हेलिकॉप्टर उडू शकले नाही, माणसांनी हातांनी चिखल उपसला. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलातील एका जवानाचा चढणीवरच मृत्यू झाला. त्या रात्रीचा बातमीदार 'दुर्गम' लिहितो, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी अनुभवलेले सांगत असतो.

माझी हरकत त्यापुढच्या वापराला आहे. 'जाण्यास कठीण' हे वर्णन मुळात प्रवासाचे आहे, पण आपण ते जागेचा अंगभूत गुण म्हणून लिहितो. त्यातला प्रवासही एकाच दिशेचा असतो, खालून वर जाणाऱ्याचा. बाजार, मजुरी, दवाखाना यांसाठी खाली उतरून पुन्हा चढणाऱ्याचे पाय त्यात मोजलेले नसतात.

आता नकाशा पाहू. वाडीखालचे चौक गाव जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. द्रुतगती मार्गही याच तालुक्यातून जातो. इर्शाळगडाच्या परिसरातून मोरबे धरण दिसते आणि त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. गिर्यारोहणाच्या सदरांत हाच इर्शाळगड 'एका दिवसात होणारा' असतो. शेजारच्या कर्जतच्या डोंगरांना पर्यटन पुरवण्या 'निसर्गरम्य' आणि 'मुंबईजवळचे' म्हणतात. त्याच कर्जत तालुक्यातले माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे १९०७ साली रेल्वे पोचली. म्हणजे उंची आणि कडे ही अडचण ठरतीलच असे नाही. वर कोण राहते आणि वर कोणाला जायचे आहे, यावर ते ठरते. 'दुर्गम' म्हटले की हा सगळा भाग गळून जातो. न झालेला रस्ता कोणाचा तरी निर्णय न राहता डोंगराचा स्वभाव होतो.

हे विशेषण सवयीने येते याचा पुरावा पुणे जिल्ह्यात आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, तेव्हा गाव दिसत नाही हे पहिल्यांदा बाहेर कळवले ते एसटीच्या चालकाने. ज्या गावाला एसटी जात होती, त्या गावालाही लिहिणाऱ्यांनी दुर्गम ठरवले. आदिवासी वस्ती आणि डोंगर एवढे दिसले की शब्द आपोआप उमटतो.

गडाला आपण दुर्ग म्हणतो. हा शब्दही त्याच धातूचा. शत्रूला चढता येऊ नये म्हणून दुर्ग मुद्दाम अवघड राखत. वाडी कोणी त्या हेतूने वसवलेली नसते. तिचे अवघडपण राखले गेले असेल तर ते कोणी आणि का राखले, हे विचारणे पत्रकाराचे काम आहे. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. हे वाक्य 'दुर्गम'च्या शेजारी छापले की यादीत नसणे स्वाभाविक वाटू लागते. ते विशेषण काढून वाचा, लगेच खटकते.

शब्दावर बंदी घाला असे मी म्हणत नाही. भामरागडची गावे पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतात, तिथेही तो लागू पडेल. पण तिथेही त्याच्यासोबत तपशील हवा: चढण किती वेळाची, रस्ता कुठे संपतो, जमीन कोणत्या खात्याची, आजाऱ्याला खाली कसे आणतात. एवढे लिहिले की विशेषणाची गरज बहुधा उरत नाही. आणि ज्या खात्याने उत्तर द्यायचे, त्याचे नाव बातमीत येते.