'कचरा' नावाचा माणूस आणि त्याचे प्रेक्षक

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापावी अशी विनंती 'केसरी'ला करण्यात आली होती आणि ती नाकारण्यात आली, ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. वृत्तपत्रसृष्टीतील जातीयतेचा दाखला म्हणून आपण तिचा नेहमी उल्लेख करतो. परंतु जाहिरातीच्या अंगाने पाहिले असता तीत आणखी एक बाब ध्यानात येते. जाहिरात लिहिणाऱ्याने व छापणाऱ्याने आपल्या मनाशी एक वाचक गृहीत धरलेला असतो आणि १९२० साली त्या गृहीत वाचकांत अस्पृश्य समाजाला जागा नव्हती. आज शंभर वर्षांनंतर आपण ग्राहक म्हणून मोजले जातो, आपल्याही मोबाईलवर जाहिराती येऊन पडतात. तरीसुद्धा जाहिरात रचणाऱ्याच्या मनातील प्रेक्षकांत आपला समावेश झाला आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. २०२३ साली गाजलेल्या एका जाहिरातीच्या निमित्ताने तो आम्ही येथे तपासू इच्छितो.

५ जून २०२३, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन. घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या झोमॅटो या कंपनीने त्या निमित्ताने एक चित्रफीत प्रसारित केली. प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून पुन्हा उपयोगी वस्तू होतात, हा तिचा विषय. 'लगान' (२००१) या हिंदी चित्रपटात 'कचरा' नावाच्या अस्पृश्य खेळाडूची भूमिका करणारे अभिनेते आदित्य लाखिया यांना तीत घेतले होते. हा माणूस कधी टेबलावरचा दिवा झाला आहे, कधी कागद, कधी पेपरवेट, कधी झाडांना पाणी घालण्याची झारी. आणि ती वस्तू तयार करण्यास किती कचरा लागला याचा आकडा सोबत दिलेला आहे. 'कचरा' या शब्दावरील श्लेष हाच साऱ्या विनोदाचा आधार होता.

अनेकांनी ही चित्रफीत पाहिली आणि कल्पकता म्हणून तिला दाद दिली. अनेकांना तीत एका अस्पृश्य माणसाला निर्जीव वस्तू केलेले दिसले. 'मसान'चे दिग्दर्शक नीरज घेवान यांनी उघडपणे निषेध नोंदविला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली. कंपनीने चित्रफीत मागे घेतली आणि खुलासा केला. प्लॅस्टिकविषयी विनोदाच्या अंगाने जागृती करावी एवढाच आपला हेतू होता, नकळत काही समाजांच्या व व्यक्तींच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, असा त्या खुलाशाचा आशय होता.

एकाच संदेशाचे असे परस्परविरोधी अर्थ का निघतात, या प्रश्नावर ज्यांचे विवेचन जगभर प्रमाण मानले जाते ते स्टुअर्ट हॉल (१९३२-२०१४) हे जमैकात जन्मलेले कृष्णवर्णीय विचारवंत होते, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाही. वर्णभेदाच्या पायऱ्या त्यांनी बालपणी स्वतःच्या घरातच पाहिल्या होत्या. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संस्कृती-अभ्यास केंद्रात असताना १९७३ साली त्यांनी दूरदर्शनवरील संदेशांविषयी एक निबंध मांडला. संदेश रचणे व संदेश उलगडणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत आणि पहिलीने दुसरी बांधली जातेच असे नाही, हे त्यातील मुख्य सूत्र होय. रचणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ जसाच्या तसा स्वीकारणारे वर्चस्वी वाचन, तो ढोबळपणे मान्य करून आपल्या अनुभवापुरती मुरड घालणारे तडजोडीचे वाचन, आणि तो ओळखून मुद्दाम दुसऱ्या चौकटीत ठेवणारे विरोधी वाचन, अशा तीन भूमिका त्यांनी सांगितल्या.

यातील तिसऱ्या भूमिकेविषयीचा एक मुद्दा आपल्याकडील चर्चेत हमखास गळून पडतो. हॉल यांच्या मते विरोधी वाचन करणाऱ्याला रचणाऱ्याचा अर्थ पुरेपूर कळलेला असतो. त्याचा गैरसमज झालेला नसतो. झोमॅटोच्या खुलाशाकडे या दृष्टीने पाहावे. 'भावना दुखावल्या' असे म्हटले की दोष ऐकणाऱ्याच्या हळवेपणाकडे जातो आणि त्याने जो अर्थ सांगितला होता तो विचारातच घ्यावा लागत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी एक अर्थ मांडला होता. उत्तर मात्र त्यांच्या भावनांना दिले गेले. आमची तक्रार येथे आहे.

कारण हा विनोद जातीवाचून उभाच राहत नाही. आदित्य लाखिया यांच्या जागी दुसरा कोणताही नट घेतला असता तर प्रेक्षकाला हसण्यासारखे काही उरले नसते. हसण्यासाठी 'लगान' आठवावा लागतो, 'लगान'मधील कचरा आठवावा लागतो, आणि त्याचे नाव कचरा का होते हेही मनाच्या तळाशी कोठेतरी ठाऊक असावे लागते. ज्याने हसून घेतले त्यानेही जात वाचलीच होती. आपण ती वाचली हे त्याच्या ध्यानात आले नाही, इतकेच. तेव्हा आक्षेपकांचे वाचन हे अनेकांपैकी एक 'वेगळे मत' आहे, असे म्हणून सोडून देणे आम्हांला मान्य नाही. दोहोंपैकी तेच वाचन अधिक अचूक होते.

येथे कोणी म्हणेल की महाराष्ट्रात कचरू, दगडू, धोंडी, उकिरडा ही नावे सर्व जातींत ठेवली जात. हे खरे आहे. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही, अशी ती समजूत होती. परंतु आईने भीतीपोटी मायेने ठेवलेले नाव निराळे आणि शूद्राचे नाव निंद्य असावे असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जे सांगितले आहे ते निराळे. चित्रपटातील कचरा कोणत्या परंपरेतला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या ठिकाणी आम्हांला स्वतःविषयीही काही कबूल केले पाहिजे. २००१ साली 'लगान' पाहताना आम्हीही टाळ्या वाजविल्या होत्या. कचऱ्याने लागोपाठ तीन बळी घेतले तेव्हा आमचे डोळे भरून आले होते. तो चित्रपटभर जवळजवळ बोलत नाही, त्याला संघात घेण्यासाठीचे भाषण भुवन करतो, आणि त्याच्या फिरकीचे श्रेय त्याच्या अधू हाताला दिले जाते, कौशल्याला नव्हे, हे सारे तेव्हाही पडद्यावर होतेच. आम्हांला ते दिसले नाही असेही नाही. निदान एवढे तरी दाखविले, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले. हॉल ज्याला तडजोडीचे वाचन म्हणतात ते हेच असावे.

चित्रपटाची कथा १८९३ सालची आहे. त्याच दशकात पुण्यात पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील डावखुरा गोलंदाज युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची कामे करीत असे आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत असे. पुढे तेथील हिंदूंच्या संघाने त्याला घेतले. मैदानावर चेंडू एकच, मात्र चहा त्याला बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरहून अधिक बळी घेतले. (१९३७ च्या निवडणुकीत तो काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहून पराभूत झाला, तो इतिहास वेगळा.) बाळूचा हात अधू नव्हता. ज्याला बाळू ठाऊक आहे त्याचे 'लगान'चे वाचन, आणि पर्यायाने त्या जाहिरातीचेही वाचन, बदलल्यावाचून राहत नाही. विरोधी वाचन नुसत्या संतापातून येत नाही, त्यामागे माहिती असावी लागते, ती अशी.

मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात चक्षू, रूप आणि चक्षुविज्ञान यांच्या संयोगातून स्पर्श, स्पर्शातून वेदना, मग संज्ञा, वितर्क आणि अखेर प्रपंच अशी साखळी सांगितली आहे. तिच्या आधारे, हॉल यांनी सांगितले ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. आमच्या नियतकालिकांत तो वारंवार होतो. आम्ही तो टाळतो. सुत्ताचा रोख कलहाच्या मुळाशी असलेल्या मनोव्यापारावर आहे, हॉल यांचा रोख समाजातील सत्तेवर. मात्र 'संज्ञा' या पायरीपाशी दोघांची भेट होऊ शकते. समोरचे रूप 'हे अमुक आहे' म्हणून ओळखण्यास आधीची ओळख लागते, आणि ती ओळख आपल्याला घरातून, गल्लीतून, शाळेतून मिळालेली असते. 'कचरा' हा शब्द दोन घरांत दोन संज्ञा जागवितो.

तरीही घर एक म्हणून वाचन एक, असे समजण्याचे कारण नाही. हॉल यांचे सहकारी डेव्हिड मॉर्ली यांनी 'नेशनवाइड' या बीबीसीच्या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. बँकेतील व्यवस्थापक, कामगार संघटनांचे प्रतिनिधी, विद्यार्थी अशा एकोणतीस गटांना कार्यक्रम दाखवून त्यांनी चर्चा घडवून आणली. वर्गावरून वाचन सरळ ठरत नाही, असे त्यांना आढळले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे काही गट तर विरोधही करीनात. या कार्यक्रमाचा आपल्या जगण्याशी संबंधच नाही म्हणून ते जवळजवळ गप्प राहिले. हॉल यांच्या तीन भूमिकांत हे मौन कोठे बसवावे, हे सांगणे कठीण आहे.

आमच्या विहारात एका रविवारी वंदनेनंतर आम्ही ही चित्रफीत दहा-बारा जणांना मोबाईलवर दाखविली. महाविद्यालयातील दोन तरुणांना ती आवडली. 'लगान' त्यांनी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे नावातील खोच त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. एक शिक्षिका मात्र पहिल्याच दृश्याला उठून उभ्या राहिल्या. मग नावावरून वाद सुरू झाला आणि अर्धा तास चालला. आम्हीही हिरिरीने बोललो, वर मांडलेले बरेचसे मुद्दे तेव्हाच सुचले. नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध उपासक कोपऱ्यात बसून होते. ते एक शब्दही बोलले नव्हते. सतरंजी गुंडाळता गुंडाळता आम्ही त्यांना विचारले, "बाबा, तुम्हांला काय वाटलं?"

ते म्हणाले, "दिवा झाला, झारी झाली, ते ठीक. पण एवढं प्लॅस्टिक निवडलं कोणी, ते कुठं सांगितलंच नाही."

इतक्या जणांच्या अर्ध्या तासाच्या वादात हा प्रश्न कोणालाही सुचला नव्हता. आम्हांलाही नाही. मोबाईल पुन्हा उघडून आम्ही ती चित्रफीत त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा पाहिली.