वाळूवरचा माणूस आणि पायऱ्यांवरचे साहित्य

रोमच्या कलोसियमविषयी लिहिणारे बहुधा आधी कमानी मोजतात. ऐंशी प्रवेशद्वारे, पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक, इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसच्या हस्ते उद्घाटन. ही वास्तू यहुदी युद्धातल्या लुटीवर उभी राहिली, हे मात्र दबक्या आवाजात सांगितले जाते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या रिंगणाविषयीचे जे साहित्य आपल्यापर्यंत आले, ते कोठे बसून लिहिले गेले?

उत्तर वास्तूच्या रचनेतच आहे. पुढे सिनेटर, मागे धनिक, त्यामागे नागरिक, आणि अगदी माथ्यावर लाकडी बाकांवर गरीब व स्त्रिया. ज्याची त्याची जागा दर्जाप्रमाणे ठरलेली. उत्तरकाळातल्या सिनेटरांची नावे तर बैठकांच्या दगडांवर कोरलेली सापडली आहेत. आणि ज्याच्यासाठी एवढी गर्दी लोटे, तो ग्लॅडिएटर कायद्याने बट्टा लागलेला, अधिकारपदाला अपात्र! टाळ्या त्याला, माणूसपण मात्र नाही.

मार्शल या कवीचा एक संग्रह या रिंगणातल्या खेळांवरच आहे. त्यात एका कैद्याला नाटकातल्या दरोडेखोराची भूमिका देऊन खरोखरच क्रुसावर चढवतात आणि अस्वलापुढे टाकतात. त्याचा गुन्हा काय? बापाला मारले असेल किंवा मालकाला, देऊळ लुटले असेल किंवा रोमला आग लावली असेल, असे तर्क करून कवी मोकळा होतो. मरणाऱ्याचे नाव विचारण्याचीही त्याला गरज भासली नाही. शब्दांची करामत तेवढी साधली. अशा कवितेच्या शैलीचे कौतुक करणाऱ्या समीक्षकाची बैठकही आम्हाला पहिल्याच रांगेत दिसते.

सेनेका याहून मोठा माणूस. कलोसियमच्या आधीच्या काळात त्याने दुपारच्या कत्तली पाहिल्या आणि आपल्या सातव्या पत्रात त्यांचा धिक्कार केला. पण ते पत्र नीट वाचावे. खुन्याला शिक्षा मिळाली हे तो तेथे मान्य करतो. त्याचा सवाल आहे तो पाहणाऱ्याला, की तू असे काय केलेस म्हणून हे पाहण्याची पाळी तुझ्यावर आली? त्याची काळजी प्रेक्षकाच्या मनाची आहे. सहानुभूती आणि अनुभूती यांतल्या अंतरावर आपल्याकडे इतकी चर्चा झाली. ते अंतर या एका पत्रात मोजता येते.

मग वाळूवरचा माणूस बोललाच नाही काय? इटलीतल्या मिलानमध्ये उर्बिकस नावाच्या ग्लॅडिएटरचा थडग्याचा दगड सापडला आहे. वय बावीस, लढती तेरा, संसार सात वर्षांचा. बायकोचे नाव लॉरिकिया. मागे राहिलेली मुलगी ऑलिंपियास पाच महिन्यांची. त्या दगडावर पुढच्यांसाठी एक सल्ला कोरला आहे: ज्याला हरवाल त्याला ठार करा. यात करुणा नाही, उदात्तता नाही, आणि ती आपण ओढूनताणून आणूही नये. कधी काळी त्याने कुणाला तरी जिवंत सोडले असावे आणि त्याची किंमत मोजली असावी, असा त्या ओळीचा अर्थ लावला जातो.