गीतार्थ आणि वय

गीताचा अर्थ त्याच्या शब्दसंहितेतच सामावलेला असतो, हे गृहीतक ‘गीतरामायणा’तील चित्रकूटावरच्या राम-भरत भेटीच्या गीतापुढे अपुरे पडते. ग. दि. माडगूळकरांच्या या रचनेत मानवी पराधीनतेचा विचार युक्तिवाद म्हणून येतो. भरताला दोषमुक्त करणे आणि त्याचा आग्रह परतविणे, हे त्याचे प्रयोजन. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ही गीतमाला प्रसारित झाली, तेव्हा रामाची गीते गाणारे सुधीर फडके छत्तिशीच्या आसपास होते आणि इतर पात्रांना निरनिराळे आवाज होते. पुढे रंगमंचावर फडके एकटेच सारी गीते गात. साठीकडे झुकलेल्या त्यांच्या कंठातून हेच गीत तरुण रामाचे न राहता, आयुष्य पाहिलेल्या माणसाचे होते. श्रोताही दरम्यान आप्तवियोगातून गेलेला असतो. भरताच्या जागी तो नकळत स्वतःला बसवितो. संबोध्य बदलले की युक्तिवादाचे सांत्वन होते.

ही अर्थवृद्धी खरीच. परंतु तिच्यात एक हानीही आहे. पराधीनतेविषयी बोलणारा राम त्याच क्षणी चालून आलेले राज्य नाकारीत असतो. त्याचा उद्गार शरणागतीचा नव्हे, निर्णयाचा आहे. वय गीताला व्यापक करते, तसेच त्याच्यातील कृती पुसूनही टाकते. समीक्षेने या दोन्हींची नोंद ठेवली पाहिजे.